तीन शब्द हिच्याजवळ ठेवलेत

माझं तोंड बंद राहत नाही हे अख्ख्या रावेरला ठाऊक आहे. म्हणून जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांतच मला दटावलं, त्यात नवल नाही.

त्या आमच्या ह्यांना विचारत होत्या, "जीवरामभाऊ, आज वार कोणता?"

"गुरुवार," मी म्हटलं. महिनाही मीच सांगितला. नातवंडं किती, केळीची खोडं किती, तेही मीच. हे निवांत मिशीवरून हात फिरवत बसलेले.

"अक्का, परीक्षा त्यांची आहे. तुम्ही कॉपी पुरवू नका!"

कॉपी म्हणे! अहो, लग्नकार्यात समोरून कोण येतंय ते मी चाळीस वर्षं ह्यांच्या कानात सांगत आलेय. दोन वर्षांपासून जरा जास्त सांगते, एवढंच. मागल्या महिन्यात ह्यांनी आपली बाग सोडून प्रेमराजच्या बागेला पाणी दिलं. मी गावभर सांगितलं, शेजारधर्म म्हणून मीच द्यायला लावलं! वय झालं की माणूस विसरतंच, असं मुलाला, तेजसला, मी ठणकावत होते. पण हा माणूस हळूहळू माझ्या हातून निसटतोय की काय, ही एकच भीती.

बाईंनी ह्यांना तीन शब्द दिले: केळं, कुलूप, आरसा. "नंतर विचारीन हं," म्हणाल्या आणि मेंदूचा एमआरआय काढायला पाठवलं.

तिथल्या माणसाने अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. घड्याळ निघालं, अंगठी निघाली, आणि कमरेच्या करदोड्याला बांधलेली कपाटाची चावी निघाली! पंधरा दिवस घर उलथंपालथं करून शेवटी ते कपाट फोडलं होतं.

"आई, चावी तुझ्याकडून हरवली होती ना?" तेजस म्हणाला. मी घाईघाईने ती चावी पदराच्या गाठीत बांधली.

मला आत जाऊ देईनात. आत यंत्राचा खडखडाट, जुनं डिझेल इंजिन लावल्यासारखा. मी दाराबाहेर बसले. तिथे ह्यांच्या कानात सांगायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी फोटो दाखवला. "आठवणी साठवायचा हा भाग थोडा आकसलाय. नुसत्या फोटोवर ठरत नाही, पण बाकीच्या तपासण्याही अल्झायमरच म्हणतात. पूर्ण बरा होत नाही. पण सुरुवातीलाच कळलंय, बरंच करता येईल. लोक फार उशिरा आणतात. घरचेच झाकून ठेवतात ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. झाकणारी मीच.

"जीवरामभाऊ, ते तीन शब्द?"

ह्यांनी छताकडे पाहिलं. खिसा चाचपला. मग ऐटीत माझ्याकडे बोट केलं, "ते हिच्याजवळ ठेवायले दिले."

बाई हसल्या, तेजस हसला. तिन्ही शब्द माझ्या जिभेवर थुईथुई नाचत होते. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले.

रिक्षात बसल्यावर हे रुसून म्हणाले, "तू काहून नाही सांगितलं?"

"परीक्षा तुमची होती," म्हणता म्हणता मला रडू कोसळलं. "केळं, कुलूप, आरसा!"

"बरोबर," माझ्या पाठीवर थाप देत हे म्हणाले, "पास झाली तू. रडते कायले?"