बैलाचं तोंड कुणीकडं

प्रेमदास मास्तरांना या उद्योगातून मिळण्यासारखं एकच होतं: त्यांचा थोरला भाऊ रामसिंग लेख संपेपर्यंत जागा राहणं. नाव, सत्कार, शाल-नारळ यांतलं काहीच त्यांच्या बेरजेत नव्हतं. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्याचा इतिहास ते ब्लॉगवर लिहीत. जगानं वाचावा असं तोंडानं म्हणत, पण नजर असायची ती भावाच्या बाजेवर.

कारण साधं होतं. लहानपणी घरातलं एकच पोरगं शाळेत जाऊ शकत होतं, दुसऱ्यानं ढोरं वळायची. रामसिंगबापू ढोरांमागं गेले, प्रेमदास शाळेत. निवृत्त झाल्यावर मास्तरांना वाटलं, शिकून काय मिळवलं ते भावाच्या पदरात घालावं. बापूंना अक्षरओळख नाही, आणि आता ऐकूही कमी येऊ लागलेलं. उशीर परवडणारा नव्हता.

वाचायचं काम मास्तरांच्या सुनेकडं, निलमकडं. दुपारची जेवणं झाली की ती मोबाइल घेऊन बापूंच्या बाजेशी बसायची आणि भिंतीपल्याड जाईल एवढ्या मोठ्यानं वाचायची. ‘अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनच्या मालवाहतुकीचे स्वरूप विचारात घेता...’ एवढ्यात बापूंची मान छातीवर. निलम इमानी, कंसातले संदर्भ, पानांचे आकडे, काही गाळायची नाही. शेवटपर्यंत जागी राहायची ती फक्त शेळी, आणि तिलाही इलाज नव्हता, बांधलेली होती.

“भिया, कसं वाटलं?” मास्तर भावाला विचारत.

“ब्येस. झोप चांगली लागली.”

मास्तरांच्या पत्नी रूपाबाई दारातूनच म्हणायच्या, “डॉक्टरच्या गोळीनं होईना ते तुमच्या लिहिन्यानं झालं. लिहीत राव्हा.”

मास्तर खट्टू झाले आणि पुढचा लेख त्यांनी आणखी लांब लिहिला. शिकलेल्या माणसाचा राग असाच निघतो.

शेवटी निलमच म्हणाली, “मामा, रागवू नका. खाली सातव्या परिच्छेदात बैल हाय. तिथून वाचू का?”

“अन् आधीचं?”

“आधीचं तुमी वाचलंय की. बस झालं.”

तिनं वाचलं, तेही मास्तरांची मराठी बाजूला ठेवून आमच्या घरच्या गोरमाटी बोलीत. बैलांवर मिठाच्या गोण्या लादलेला तांडा. पुढं चालणारा बैल जिथं बसेल तिथं मुक्काम, ही रीत. इथं आल्यावर बैल बसला आणि सकाळी उठेना.

बापूंनी डोळे उघडले. “कुनीकडं तोंड करून बसला?”

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. “भिया, ते कुठं लिहिलेलं न्हाई.”

“मंग तू काय लिहून राहिला? आपला बा सांगायचा, वढ्याकडं. म्हून आपलं दार वढ्याकडं.”

भिंतीवरून शेजारच्या बेबीबाईचं डोकं वर आलं. “वढ्याकडं काहून? आमच्या घराकडं बसला होता. सासऱ्यानं सांगितलंय.”

“तवा तुमचं घर होतं व्हय?” रूपाबाईंनी विचारलं.

“ते बैलाला काय माहीत?”

दिवस मावळेपर्यंत अर्धा तांडा अंगणात जमला. प्रत्येकाच्या हिशेबानं बैलाचं तोंड त्याच्याच दाराकडं होतं. भांडण म्हणण्याइतकं भांडण नव्हतं, पण चहा दोनदा ठेवावा लागला.

मास्तरांनी तो लेख पुन्हा लिहायला घेतला. बैलाच्या आधीचे सहाही परिच्छेद कापले. जिवाला लागलं, पण कापले. लेख बैलापासून सुरू केला. बैल का उठला नाही, असं लोक विचारत होते, म्हणून रेल्वे तिथं आणली: माल गाडीनं जायला लागला, पाठीवर घालायला ओझंच उरलं नाही, तर त्याला उठवायचं कशाला? संदर्भ तळाशी ठेवले, ज्याला हवे त्याच्यासाठी. आणि स्पष्ट लिहिलं, ‘बैलाचं तोंड कुणीकडं होतं हे मला माहीत नाही. तांड्यात यावर मतं आहेत, ती अशी.’ पुढं ज्याचं मत त्याच्या नावानिशी.

दुसऱ्या दिवशी निलमनं वाचलं. बापू बाजेवर ताठ बसून होते. मध्ये बेबीबाई बोलायला लागल्या तर हातानंच गप केलं.

“हे बराबर लिहिलं,” वाचून झाल्यावर म्हणाले. “शाळा शिकलेला मानूस ‘माहीत न्हाई’ म्हनतो, म्हंजे बाकीचं खरं आसंल.” मग मास्तरांकडं वळून, “ढोरं वळताना वाटायचं, हे पोरगं तिथं बसून काय करून राहिलं आसंल. आज समजलं. चांगलं केलं तू, प्रेमा. पुन्यांदा वाच गं, लेकरा.”

मास्तर उगाच चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

आता लेख शिरड शहापूरपासून हैदराबादेपर्यंत वाचतात, आणि वाचणारा आपल्या आजाचा बैल घेऊनच येतो. आम्हा ऐकणाऱ्यांना सगळं फुकट मिळालं, त्याबद्दल देवाचे नाही, त्या घराचे आभार. मास्तरांचे सहा परिच्छेद गेले. निलमचा घसा बसला, बापूंची दुपारची झोप गेली ती गेलीच. पण सगळ्यात जास्त मोल भरलं रूपाबाईंनी, येईल त्याला दूध घातलेला कपभर चहा देऊन. आणि त्यांना तर बैल कुणीकडंही तोंड करून बसला असता तरी चाललं असतं.