घाबरलेला डोळा

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या त्या छोट्या कार्यशाळेत तिला सगळे 'ऑलराउंडर' म्हणायचे. साचे ओतायला माणूस नाही? ऑलराउंडर. पॉलिश राहिलंय? ऑलराउंडर. गिऱ्हाईक चिडलंय? मग तर तीच. यात कौतुक कमी आणि सोय जास्त, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कौतुक गोड लागतंच.

आता एका मोठ्या इस्पितळानं तिला बोलावलं होतं. सगळ्या विभागांवर देखरेख, आज इथे तर उद्या तिथे. उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. इकडे रंगाच्या टेबलावरचे मास्तर निवृत्त होत होते आणि जागा तिला द्यायला तयार होते, पण म्हातारा अटीचा पक्का. "इथे बसायचं तर फक्त इथेच. प्लास्टर कालवून आलेला हात मला ब्रशवर चालणार नाही."

"एकाच खुंट्याला बांधून घेऊ नकोस," नवऱ्यानं सकाळी बजावलं होतं. "उद्या हेच काम बंद पडलं तर काय करशील?" त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर तिला राग आला होता.

दुपारी एक शिक्षिकाबाई आपला नवा डोळा बसवून घ्यायला आल्या. तिनं एकटीनं रंगवलेला हा पहिलाच डोळा. तपकिरी रंग तंतोतंत, रेषा न् रेषा जुळलेली. बाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"आहे माझ्यासारखाच. पण हा सारखा दचकल्यासारखा का दिसतोय हो?"

तिनं बाईंना खिडकीपाशी नेलं. उजेडात खऱ्या डोळ्याची बाहुली बारीक झाली होती. रंगवलेली मात्र मोठीच्या मोठी, टक्क. तिला रंगवायला बसलेला तो दिवस आठवला. पहिल्या दिवशी बाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या, आणि भीतीनं बाहुली मोठी होते. तिनं जे दिसलं ते इमानेइतबारे उतरवलं होतं.

"मास्तर, मी ह्यांची भीती रंगवून ठेवली."

मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. "माझ्याही नजरेतून निसटलं. कर परत."

"मी त्या दिवशी घाबरले होते, हे तुम्हाला दिसलं?" बाईंनी हळूच विचारलं. "घरात तर कुणाच्या लक्षातही आलं नाही."

तिला एकदम भरून आलं. खूप आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली. "जरा थांबा हं," म्हणून ती व्हरांड्यात गेली आणि तिनं इस्पितळात फोन लावला.

"मी येत नाहीये."

"अहो, नीट विचार करून सांगा. तुम्हाला तर सगळंच येतं."

"केला विचार. मला अजून बाहुली काढता येत नाही."

पलीकडचा माणूस काहीतरी समजावत राहिला. तिनं फोन ठेवला, हात स्वच्छ धुतले आणि बाईंसमोर खुर्ची ओढून बसली.