भागूबाईचा दुसरा झटका

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. पाणबुड्याच्या कमरेला बांधतात तो. जन्म कारखान्यातला, नोकरी धरणावरची. माझं एक टोक खाली गढूळ अंधारात आणि दुसरं वर नावेत, त्यामुळे दोन्हीकडची भीती माझ्याच वाट्याला यायची.

वरचं टोक ताईच्या हातात असे. खाली उतरे तो तिचा धाकटा भाऊ. धरणाचे दरवाजे तपासणं हे त्याचं काम. पाण्यात शिरण्याआधी तो कमरपट्ट्यात अडकवलेली माझी कडी दोनदा ओढून बघायचा, म्हणून नावेवरचे सगळे त्याला भागूबाई म्हणत. ताईने वरून एक झटका दिला की अर्थ, 'ठीक आहेस ना?' त्याने उलट एक झटका दिला की अर्थ, 'ठीक आहे.' पण त्याच्या झटक्यामागून आणखी एक बारीक झटका यायचाच. हात कापायचा ना त्याचा. भीती काही गेली नव्हती, तिला बरोबर घेऊन काम करायला तो शिकला होता.

एकदा तपासायचा दरवाजा फारच खोल होता. एवढ्या खोलीवर श्वासातली हवाच डोक्यात चढते, माणसाला नशा येते. भागूबाईचा हात कापायचा थांबला. त्याला हसू फुटलं. मला मात्र धडकी भरली. वरून ताईचा झटका आला, त्याने एकच खणखणीत झटका दिला. मग त्याची बोटं माझ्या कडीवर आली आणि ती उघडू लागली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"बघा, आज भागूबाई शूर झाली," वर मुकादम म्हणाला.

"ओढा त्याला," ताई म्हणाली.

"अगं, ठीक असल्याची खूण दिलीय की त्याने."

"त्याची भीती वर आली नाही, काका. ओढा म्हणते ना."

मी ताणला गेलो आणि त्या ताणाने अर्धी उघडलेली कडी जागीच अडकली. एकदम वर ओढलं तरी जिवावर बेततं, म्हणून ते मला हळूहळू ओढत होते. मला मूठ असती तर जीव मुठीत धरला असता. निम्म्या वाटेत त्याची नशा उतरली. त्याने कडी चाचपली, आणि त्याचा हात थरथरू लागला. ती थरथर वर पोचली.

"आला," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

आता मी झिजलोय, खुंटीवर लटकतोय. मित्रांनो, दोर तपासल्याशिवाय खाली उतरू नका, आणि दोनदा तपासणाऱ्याला हसू नका. तो अजून कामावर जाताना मला एक झटका देतो. त्यामागचा बारीक झटका येईपर्यंत मी श्वास रोखून धरतो.