बादलीतलं गुलाबी पाणी

प्रियंकाच्या पत्राला नाथाजींनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. जाड शब्दकोशात ते पत्र दडवून ठेवलं होतं.

‘काका, कुंडलच्या शिबिराला मी रक्त तपासायच्या एकशेवीसच चिप्स दिल्या. एक चिप एकाच माणसासाठी. रिपोर्ट मात्र पाचशे निघाले! काय पाहिलंत ते सही करून कळवा. मग सगळ्यांना पुन्हा तपासता येईल.’

नाथाजींच्या वाचनालयात वाचून मोठी झालेली ही मुलगी आता सांगलीला होती. बोटभर चिपमधल्या केसाहून बारीक वाटेनं रक्ताचा थेंब पुढे ढकलणारा चिमुकला पंप तिनंच बनवला होता.

नाथाजींनी सगळं पाहिलं होतं. फलकावर ‘पाचशे तपासण्या’ छापून झालेलं, पाहुणे यायच्या बेतात, आणि चिप्स संपलेल्या. शिबिर भरवणारा राजवर्धन वापरलेल्या चिप्स बादलीत बुचकळून पुन्हा मशीनला लावत होता. पाणी गुलाबी झालं होतं. शिसारी आली, तरी नाथाजींनी सत्काराची शाल घेतली. पेढाही खाल्ला!

आज त्यांची सून रेश्मा चक्कर येऊन भिंतीला टेकली. सातवा महिना. गावची आशा-सेविका आक्काताई लोहाच्या गोळ्या घेऊन आली, तर सासू बनुबाईंनी तिचा शिबिरातला रिपोर्ट फडकावला.

“गोळ्या कशाला? हिमोग्लोबिन बारा हाय की! लय लाडावू नगंस तिला.”

“आवं काकी, डोळं बघा तिचं. पांढरं फटक!”

“मग मशीन खोटं व्हय?”

आक्काताई नाथाजींकडे वळली. “तात्या, बादली मी बी बघितली. पर माझं कोण ऐकतंय? तुमी बोला.”

“मी साधा पुस्तकातला किडा. मी काय बोलणार?” नाथाजी पुटपुटले.

“पेढा खाताना तोंड बरं उघडलं! तात्या, मशीन खोटं न्हाई. त्यात रगात दुसऱ्याचं मिसळलंय. आन बघून गप बसला, त्याचा बी हात त्याच बादलीत!”

नाथाजींच्या तोंडात त्या पेढ्याची चव आली. शी! त्यांना स्वतःचीच किळस आली.

“फाड तो कागद!” ते बायकोवर प्रथमच ओरडले. “ते बारा रेश्माचं आहे की कुणाचं, देव जाणे! मी पाहिलं आणि गप्प बसलो.”

बनुबाईंनी हातातला रिपोर्ट खाली टाकला. “आन मी पोरीला रोज पाण्याच्या घागरी उचलायला लावल्या!” त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणि गोळी रेश्माच्या हातात दिली.

वाचकहो, यंत्र रक्त तपासतं, माणसाची लबाडी तपासत नाही. ते काम पाहणाऱ्याचं. घाण पाहून जो गप्प बसतो, तो ती दुसऱ्याच्या अंगात जाऊ देतो.

आक्काताई रेश्माला पुन्हा तपासायला सरकारी दवाखान्यात घेऊन निघाली. नाथाजी कोपऱ्यापर्यंत सोबत गेले. हातात प्रियंकाला एकही शब्द न खोडता लिहिलेलं उत्तर, खाली पूर्ण नावाची सही. त्यांनी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं.