पाठीवरची चेन

"आई, साधा ड्रायसूट घ्यायचा झाला तर किती पैसे बाजूला ठेवावे लागतील गं?"

चिमणीने हे विचारलं तेव्हा मायलेकी चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं आईच्या हातात, दोन चिमणीच्या. आता आईने पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं, पण ती जागची हललीच नाही. चादर दोघींच्या मध्ये तशीच ताणलेली राहिली.

"कशाला हवाय?"

"घालून मिरवायला! अगं, तलावावर माणूस घेतायत. काम तेच शिकवणार, पण सूट ज्याचा त्याने आणायचा."

माणूस कोणाच्या जागी घेतायत, ते चिमणीने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही.

तलाव घराच्या मागेच होता. सगळ्या गावाला पाणी जायचं ते तळाशी बसवलेल्या लोखंडी जाळ्यांमधून. जाळ्यांत पाला, शेवाळ, चिंध्या, काय वाटेल ते अडकायचं, आणि ते हाताने काढायला पाणबुड्या उतरायचा. तळाचं पाणी बर्फासारखं. साध्या कपड्यांत माणूस तिथे काकडून जाईल, म्हणून हा सूट. पायांतल्या बुटांपासून मानेपर्यंत एकसंध, आणि गळ्याशी, मनगटांशी रबर इतकं घट्ट की थेंबभर पाणी आत जायची सोय नाही.

चिमणीचा दादा हेच काम करायचा. पाण्याने त्याच्या केसालाही कधी धक्का लावला नव्हता. गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो अंथरुणातच गेला. त्याचा सूट आतल्या खोलीच्या दाराआड रुंद हँगरला टांगलेला होता. आई तो ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायची आणि दार ओढून घ्यायची. चिमणीने तो सूट मागितला नव्हता. नव्याचीच चौकशी केली होती. पोर जपून बोलली, हे आईला कळलं, आणि त्यानेच तिला जास्त लागलं.

"नवा घेऊ," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहेत."

दोघी ठिगळकाकांकडे गेल्या. पाणबुड्यांचे फाटके सूट जोडता जोडता म्हाताऱ्याला हे नाव पडलं होतं, आणि आता त्यांची बायकोसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायची. काकांना काही विचारलं की ते हातातलं काम बाजूला ठेवून, लहान पोराला समजवावं तसं सांगायचे.

"हे बघ चिमणे, सूटची किंमत वेगळी आणि सूटचा खर्च वेगळा. साध्यातला साधा नवा सूट म्हणजे तलावावरच्या माणसाचे दोन पगार धर. लोक तेवढेच घेऊन येतात आणि फसतात. सूट तुला कोरडं ठेवतो. ऊब देत नाही. उबेसाठी आतून जाड कपडे लागतात, ते निराळे. टोपी निराळी, हातमोजे निराळे. सूटमध्ये हवा भरायची कशी, सोडायची कशी, हे शिकायचे निराळे. आणि हे रबर काही जन्माचं नसतं, ते बदलायलाही थोडे ठेवायचे. म्हणून सूटला जेवढे लागतील, त्याच्या निम्मे आणखी बाजूला ठेवायचे."

आईचा चेहरा उतरला. तिच्याजवळ होते ते सूटपुरतेच.

"आणि एक राहिलंच," काका म्हणाले. "पुढून चेन असलेला महाग. स्वस्तातल्याची चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती आपली आपल्याला लावता येत नाही, दुसरं माणूस लागतं. ते माणूस कोणी हिशेबात धरत नाही."

ते आईला सांगायची गरज नव्हती. दादा रोज सकाळी सूट चढवून अंगणात पाठमोरा उभा राहायचा आणि ओरडायचा, "आई, चेन!" ती हातातलं काम टाकून यायची, चेनला मेण फिरवायची, एका हाताने खांद्याशी कापड धरून दुसऱ्या हाताने ती ओढायची. मग पाठीवर थाप मारून म्हणायची, "वळ." तो वळला की गळ्याशी कुठे केस अडकलाय का ते बघायचं, आणि मग त्याने जायचं.

काकांनी जरा चाचरत विचारलं, "दादाचा आहे ना घरी? उंचीला ही त्याच्याएवढीच. गळा अन् मनगटं नवी बसवली की झालं."

"त्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

"राहू दे काका," चिमणी घाईने म्हणाली. "पुढच्या खेपेला बघू."

"बघा. पण वहिनी, नुसता टांगून ठेवलेलाही टिकत नाही हो. रबर आपलं आपण मरतं."

घरी आल्यावर आई दाराआड गेली. इतके दिवस ती कापड पुसत आली होती, गळ्याला मात्र कधी हात लावला नव्हता. आज लावला. बोटांना काळं, चिकट काहीतरी लागलं. तिने रबर हलकेच ताणलं, तर त्याला बारीक चीर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने सूट स्वतः घडी करून पिशवीत घातला आणि एकटीच काकांकडे गेली.

"आधी कुठे गळतो का बघू," काका म्हणाले. त्यांनी गळ्यात चिरेच्या खाली एक चेंडू घट्ट बसवला, मनगटांत बाटल्या खुपसल्या, चेन लावली आणि नळीने आत हवा सोडली. टेबलावर पसरलेलं कापड हळूहळू भरू लागलं. पोटऱ्या भरल्या, छाती वर आली, हात आपोआप अंगापासून दूर झाले. गुडघे जरा वाकलेलेच राहिले.

आईने टेबलाची कड धरली. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता होता. शाळेत असल्यापासून त्या खांद्यावर दप्तर, मग सिलिंडर. "नीट उभा राहा रे" म्हणून तिने किती वेळा तो वर ढकलला असेल.

काकांनी सगळीकडे साबणाचं पाणी फिरवलं. उजव्या गुडघ्यावर एका जागी बारीक बुडबुडे येऊ लागले. येत, फुटत, पुन्हा येत.

"इथे टेकायचा तो जाळीशी," काका हळूच म्हणाले. "एक ठिगळ. बाकी काही नाही. सोडू हवा?"

"थोडा वेळ राहू द्या."

काका चहा आणतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आई शेजारच्या स्टुलावर बसली. तिने पदराने छातीवरचा साबण टिपला. उतरत्या खांद्याखाली हात घातला आणि तो जरा वर ढकलला. हात काढल्यावर तो पुन्हा खाली आला. गुडघ्यातून हवा जातच होती. काका चहा घेऊन आले तोवर छाती बसू लागली होती.

"गळा कापा," आई म्हणाली.

कापलेलं काळं कडं त्यांनी तिच्या हातात दिलं. ते तिच्या मुठीत मावलं.

"एवढ्याशातून त्याचं एवढं डोकं कसं हो जायचं?"

"रोज शिव्या द्यायचा," काका म्हणाले. ती हसली, आणि मग हसू आवरता आवरता तिला रडू कोसळलं. काकांनी चहा झाकून ठेवला.

तिच्याजवळच्या पैशांत रबर झालं, ठिगळ झालं, आतले जाड कपडे झाले, शिकायचेही भागले. बूट मोठे होते, चिमणीने आत दोन जोड मोजे घातले.

पहिल्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात होती. अंगणातून हाक आली.

"आई, चेन!"

ती मेणाची वडी घेऊन बाहेर आली. चिमणी पाठमोरी उभी होती. केस टोपीत गेलेले, खांद्यांवर तेच काळं कापड. आईने चेनला मेण फिरवलं. एका हाताने खांद्याशी कापड धरलं, दुसऱ्याने चेन ओढली, शेवटपर्यंत बसली की नाही ते बोटाने पाहिलं. मग पाठीवर थाप मारली.

"वळ" म्हणायला मात्र तिला जरा वेळ लागला.