चौदा नंबरची पाटी

पाटीवरचं प्लास्टिक मी कटरने कापून बाजूला ओढलं, तेव्हा आधी बाण दिसला. मग अक्षरं दिसली. ‘निवांत पॉइंट – १५० मी.’

“ही कुठली?” मी विचारलं.

मेहुणा गाडीच्या मागे खांब मोजत होता. सकाळी निघताना त्याने ते एकदा मोजले होते.

“चौदा नंबरची,” तो म्हणाला.

“नंबर मलाही वाचता येतो. लावायची कुठे?”

“इथेच. दुसऱ्या वळणानंतरचा फाटा.”

या फाट्यावर उजवीकडे पायवाट जाते, ती सगळ्यांची. डावीकडे जगाच्या दृष्टीने काहीही नाही. झुडपं, मग एक फुटका खडक, आणि खडकामागे एक सपाट जागा. तिथे बसलं की सगळी दरी समोर पसरलेली असते. ती जागा तिघांना माहीत होती. त्यातली माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. मी कोणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. उरला कोण, ते सांगायला नको.

घाटरस्ता आणि त्याला लागून जाणारी पायवाट, या दोन्हींवरच्या पाट्या लावणं हे माझं काम. अठ्ठावीस वर्षं तेच करतोय. मेहुणा अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्याला चिकटवला मीच, बायकोच्या शब्दाखातर. पाठचा भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण.

आजारात तिचे केस गेले. लोक भेटायला म्हणून यायचे आणि डोक्याकडे बघत बसायचे. दिवसभर रुमाल बांधून ती कंटाळायची. म्हणून दर रविवारी मी तिला त्या खडकामागे न्यायचो. तिथे ती रुमाल सोडून मांडीवर ठेवायची आणि तासभर काही बोलायची नाही. उठताना हाताला काहीतरी हवं, म्हणून खांबाच्या पाइपचा एक उरलेला तुकडा मी दगडाच्या फटीत सिमेंट भरून बसवला. शेवटी तिला चालवेना, तेव्हा मेहुण्याने तिला पाठीवर घेऊन नेलं. परत निघताना तिने आमच्या दोघांकडून वचन घेतलं.

“इथलं कोणाला सांगायचं नाही. एवढी एक जागा माझी राहू दे.”

मेहुणा ढसाढसा रडला होता. मी नाही रडलो. मला गाडी चालवायची होती.

“तू सांगितलंस,” मी म्हणालो.

त्याने खांब मोजायचं थांबवलं. “भाऊजी, ऑफिसने नवीन जागा सुचवायला सांगितल्या होत्या. फॉर्म आला होता. ज्याची जागा मंजूर होईल त्याला कायम करणार होते.”

“आणि झालास?”

“एक तारखेपासून.” मग म्हणाला, “अकरा वर्षं टेंपररी आहे मी. तुमचं काय, तुम्ही निवृत्तीला आलात. मला अजून पोरींची शाळा आहे.”

“मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

“नाही.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

खोटं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

“ताईचं नाव द्या, असं मी फॉर्मात लिहिलं होतं,” तो हळूच म्हणाला. “साहेब म्हणाले, खाजगी नावं देत नाहीत.”

“उपकार झाले साहेबांचे.”

राग तर आलाच होता. माझा माणूस माझ्यावर उलटला असता तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण याने तिला फसवलं होतं. ती भांडायला येणार नाही, हे पक्कं माहीत असताना फसवलं होतं. ते मला सहन होईना.

हत्यारं तिथेच टाकून घरी जावं, असं वाटलं. पण मी गेलो असतो तर त्याने ती पाटी एकट्याने लावली असती, आणि वाकडी लावली असती. अकरा वर्षांत या गृहस्थाला लेव्हलमधला बुडबुडा काही मधोमध आणता आलेला नाही.

फाट्यावर पाटी नेमकी कुठे रोवायची, हे नकाशात नसतं. त्याची आमची एक पद्धत आहे. एकाने शंभर पावलं मागे जायचं आणि परका होऊन यायचं. आपण इथे जन्मात आलेलो नाही, पाय दुखतायत, बाटलीतलं पाणी संपलंय, मागून कोणीतरी ‘चुकलो वाटतं’ म्हणून डोकं खातंय, असं सगळं मनात धरून चालायचं. जिथे पाऊल घुटमळतं तिथे मान आपोआप वर होते. त्या क्षणी नजर जिथे पडेल, तिथे खांब. दुसरा माणूस खांब धरून उभा असतो, परका सांगेल तसा सरकतो. पहिल्यापासून परका मीच होतो. ऑफिसात त्यावरून माझी भरपूर टिंगलही होते.

“आज मी चालू का?” मेहुण्याने विचारलं.

“तू कशाला? तुला वाट चांगली पाठ आहे.”

खरं तर मला जास्त पाठ होती. पहिल्या खेपेला फाट्यावर आलो आणि पाय न घुटमळताच डावीकडे वळले. परत मागे गेलो. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मेहुणा खांबाला धरून उभा होता. तिसऱ्या खेपेला निघण्याआधी मी मनाला दटावून सांगितलं, डावीकडे काही नाही. तिथे कोणी बसत नव्हतं. तू आजच आलायस.

या वेळी पाय थांबले. मान वर झाली.

“एक हात उजवीकडे,” मी म्हणालो. “बस. तिथेच.”

खड्डा खणला, खांब उभा केला, काँक्रीट ओतलं. बुडबुडा मधोमध आणून मी पाटीचे चारही बोल्ट स्वतः आवळले. खांबाला टेकू देत होतो, तेवढ्यात एक जोडपं आलं. दोघांनी मान वर करून पाटी वाचली, आणि कोणाला काही न विचारता डावीकडे वळली. पाटी उत्तम लागली होती. अठ्ठावीस वर्षांत एखादी चुकली असती तर बरं झालं असतं, आणि ती हीच असती तर.

काम झाल्याच्या कागदावर माझी सही लागते. मेहुण्याने पॅड पुढे केलं. कागदाच्या मागे त्याच्या फॉर्मची प्रत टाचलेली होती. अक्षर त्याचंच, टपोरं.

‘चढ नाही. वयस्कर माणसांनाही जाता येईल. बसता-उठताना धरण्यासाठी लोखंडी पाइप: उपलब्ध.’

मी ती ओळ दोनदा वाचली. बाकीचं मी कधीतरी गिळलंही असतं. माणसाला नोकरी लागते, पोरी असतात, सगळं मान्य. पण तिच्या हाताखालचा पाइपसुद्धा याने सोयींच्या यादीत घातला होता.

पॅड त्याच्या हातात परत देऊन मी गाडीतून हॅकसॉ आणि कानस काढली.

“भाऊजी, कुठे निघालात? सही राहिली.”

मी डावीकडे वळलो.

जोडपं फोटो काढून परत निघालं होतं. वाटेत मला बघून बाई म्हणाली, “काका, फार छान जागा शोधलीत हो.” मी मान हलवली.

पाइपचं वरचं टोक गंजलेलं नव्हतं. अजूनही दर रविवारी मी तिथे बसतो आणि उठताना तोच धरतो. त्या दिवशीही आधी बसलो, मग तो धरून उठलो. त्यानंतर कापायला घेतला. माल जाड होता, मीच निवडला होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली. दगडाच्या पातळीला कापून झाल्यावर उरलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली. येणारी माणसं अनवाणीही बसतील, त्यांचा काय दोष?

फाट्यावर मेहुणा तसाच उभा होता. माझ्या हातातला तुकडा त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

“फॉर्मात दुरुस्ती कर,” मी म्हणालो. “पाइप नाही.”

त्याने पेन काढलं, ओळीवर टेकवलं. मग विचारलं, “साहेबांना काय सांगू?”

“सांग, खाजगी होता.”

त्याने ती ओळ खोडली. मी खाली सही केली, तारीख घातली.

गाडीपाशी त्याने नेहमीसारखी पुढची सीट फडक्याने झटकली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी मागे गेलो, हौद्याची फळी खाली करून वर चढलो आणि उरलेल्या खांबांवर बसलो. तो थोडा वेळ दाराशी थांबला. मग त्याने दार लावलं आणि गाडी हळू काढली, खड्डे चुकवत. अजून सहा पाट्या लावायच्या होत्या. पाइपचा तुकडा मी मांडीवर ठेवला होता.