न फुंकलेल्या श्वासाची सरासरी

मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी एक जुना श्वासमापक आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझी रचना साधी. पत्र्याच्या पिंपात पाणी आणि पाण्यावर तरंगणारी पितळी टोपी. रबरी नळीतून कुणी फुंकलं की टोपी वर उचलली जाते आणि तिला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढते. छातीत जेवढी हवा, तेवढी रेघ उंच. कोरियातल्या बुसानच्या कारागिरानं माझी टोपी इतकी हलकी घडवली होती की लहान मुलाच्या फुंकरीनंही ती हलावी. तिथून मी गांगवॉनच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात आलो.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. पाळी संपली की कामगार तोंड धुऊन माझ्यापुढे रांग लावत. तक दॉक-सू त्यांच्यात सर्वांत दमदार. खडकात ड्रिलनं भोकं पाडणं हे त्याचं काम.

“दादा, बेतानं. टोपी छपराला लावाल,” मागून कुणीतरी म्हणे.

“काल डुकराचं मांस हाणलंय. चरबीनं धूळ धुतली जाते. नळी साफ आहे आपली.”

“मग नळी कशाला, पोटच मोजू की.”

नर्स मेंग ओक-बुन हसू दाबून आकडा लिहून घेई.

चरबीनं धूळ धुतली जात नाही, मित्रांनो. कोरड्या ड्रिलची ती बारीक भुकटी छातीत बसली की बसलीच. वर्षागणिक ड्रिलवाल्यांच्या रेघा बुटक्या होत गेल्या. मग राजधानीहून प्योन नावाचे संशोधक आले. ड्रिलवाल्यांची फुप्फुसं खराब झालेली निघाली, तर खाणीत पाणी सोडणारी ड्रिलं येणार होती. ओली धूळ उडत नाही. दॉक-सू तोवर काम सोडून घरी बसला होता. पण त्याचा मुलगा इन-चोल त्याच बोगद्यात, तसंच कोरडं ड्रिल चालवत होता. म्हणून बाप दवाखान्याचा चढ चढून आला.

त्यानं नळी तोंडात धरली. टोपी जेमतेम उचलली गेली आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा उबळ. नियम असा, की रेघ अखेरपर्यंत सलग हवी. तुटलेली फुंकर बाद.

“राहू द्या, काका,” ओक-बुन त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

“पोरासाठी आलो होतो गं. लिही काहीतरी.”

वडीलधाऱ्याच्या नावापुढे ‘जमलं नाही’ असं लिहिणं आमच्या गावात उद्धटपणाचं. तिनं जागा कोरी सोडली. अशा कोऱ्या जागा पुष्कळ झाल्या, आणि बहुतेक सगळ्या जुन्या ड्रिलवाल्यांच्याच होत्या.

“या रिकाम्या का?” प्योनसाहेबांनी विचारलं.

“त्यांच्याच्यानं फुंकवलं नाही, साहेब.”

“म्हणजे आकडा नाही. रिकाम्या जागेनं गणित अडतं, बाई. ज्यांनी फुंकलं त्यांची सरासरी भरतो. सगळ्यांना सारखी. पक्षपात नको.”

“पण ते बसल्या जागी धापा टाकत होते.”

“धाप कुठल्या रकान्यात भरू?”

ते दुष्ट नव्हते, म्हणून तर मला जास्त चीड येते. सरासरी कुणाची होती ती? तरण्या पोरांची, कारकुनांची, ज्यांच्या छातीत अजून हवा होती त्यांची. मी कधीही न मोजलेला तो धडधाकट आकडा त्यांनी दॉक-सूच्या नावापुढे लिहिला. माझ्या तुटक्या रेघा शेजारच्याच खोक्यात पडल्या होत्या. नुसती मान वळवायची होती. माणूस आलाच नाही म्हणून आकडा नसणं वेगळं, आणि श्वासच उरला नाही म्हणून नसणं वेगळं. त्या कोऱ्या जागेइतकं खरं मोजमाप त्या अख्ख्या कागदावर दुसरं नव्हतं, आणि तेच त्यांनी पुसलं.

अहवालात आलं, ड्रिलवाल्यांची छाती इतरांसारखीच आहे. पाण्याची ड्रिलं आली नाहीत.

“आमच्या बाबांचा आकडा माझ्याहून चांगला आलाय म्हणे,” औषध न्यायला आलेला इन-चोल ओक-बुनला म्हणाला. “घरी सांगितलं तर हसायला लागले. हसता हसता असे गुदमरले, की पाठ चोळत बसलो.”

ओक-बुननं औषध बांधून दिलं. इन-चोल तिथूनच पाळीवर गेला.

पुढे खाण बंद पडली. त्याआधी इन-चोलही माझ्यापुढे बसला होता. त्याचीही रेघ मध्येच तुटली. आता मी संग्रहालयात काचेमागे आहे. पिंपात पाणी नाही, टोपीवर हिरवा गंज आहे. मुलं काचेवर टकटक करून पुढे जातात.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही ना काही मोजाल. एखादी जागा कोरी दिसली, तर शेजारचा आकडा उचलून तिथे डकवू नका. आधी तिथे ‘का नाही’ ते लिहा. ठाऊक नसेल, तर उठा, त्या घरी जा आणि दार वाजवा. लगेच उघडलं नाही, तर घरात कुणी नाही असं समजून मागे फिरू नका. इन-चोलला दारापर्यंत येताना आता मध्ये थांबावं लागतं.